चकरी थांबल्यावर

दादा गेल्यानंतर मी पहिल्यांदा मशीन चालू केलं तेव्हा घाबरलो, हे आधीच सांगून टाकतो. मी तसा घाबरट नाही. तापट आहे, भांडखोर आहे, भुताखेतांच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मध्येच हसून त्याचा विचका करणारा आहे. त्या सकाळी मात्र चकरी फिरवून मी हात थांबवला, आणि हात थांबल्यावरही मशीनचं टेबल जरासं पुढे सरकत राहिलं, तेव्हा अंगावर काटा आला. खरं म्हणजे त्यात नवीन काहीच नव्हतं. आमचं मशीन अनेक वर्षं तसंच थांबायचं, आधी हात आणि मग थोड्या वेळाने मशीन. दादा शेजारी उभा असताना ती मशीनची खोड वाटायची. तो नसताना वाटलं, कुणीतरी टेबलाला मागून हळूच बोट लावतंय.

सुरतेत कतारगाममध्ये हिऱ्यांच्या कारखान्यांमागच्या गल्लीत आमची शेड आहे. शेडमध्ये कॉम्प्युटरवर चालणारं एकच मिलिंग मशीन, इच्छापोरच्या एका कारखान्याने काढून टाकलेलं आणि आम्ही दोघा भावांनी घेतलेलं. हिरे घासायच्या घंटीला, म्हणजे फिरत्या चाकाला, लागणारे सुटे भाग आम्ही त्यावर करतो. प्रोग्रॅम भरला की मशीन आपलं आपण काम करतं, पण त्याआधी त्याला सांगावं लागतं की धातूचा तुकडा नेमका कुठून सुरू होतो. त्यासाठी वायरला लटकणारी एक हातात मावेल एवढी डबी असते आणि तिच्यावर एक चाक. त्या चाकाला आम्ही चकरी म्हणतो. चकरी एक खाच फिरवली की टेबल किंवा कटर केसाच्या जाडीपेक्षाही कमी सरकतो. बाकी सगळं मशीन आकड्यांचं ऐकतं, ही चकरी तेवढी माणसाच्या हाताचं ऐकते.

ही सुरुवातीची जागा ठरवण्याला झीरो घेणं म्हणतात, आणि आमच्याकडे ते पतंगाच्या कागदाने घेतात. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, कापून आलेले पतंग शेडच्या पत्र्यावर अडकतात, ते काढून त्यांच्या पट्ट्या करून ठेवल्या की वर्षभर पुरतात. पट्टी तुकड्यावर ठेवायची, एका हाताने ती मागेपुढे ओढत राहायचं आणि दुसऱ्या हाताने चकरी फिरवत कटर खाली आणायचा. कागद अडला की तिथे झीरो. दादाने मला शिकवलं त्यात मात्र एक पुस्ती होती. कागद अडायच्या थोडं आधीच तो माझ्या खांद्यावर थाप मारायचा आणि म्हणायचा, "आठेच थांब. बाकीनं ते जाई." मी थांबायचो, आणि मशीन उरलेलं अंतर स्वतःहून जायचं. मी दुसऱ्या कुठल्या मशीनवर काम केलेलंच नाही. त्यामुळे जगातली सगळी मशीनं अशीच थांबतात असं मी धरून चाललो होतो.

झीरो घेणं हे माझं काम होतं. प्रोग्रॅम, गिऱ्हाईक, कटर आणणं हे दादाचं. ही वाटणी मीच भांडून घेतली होती, आणि त्यामागे कारण होतं.

आमचे आबा, म्हणजे वडील, खानदेशातून आले ते थेट पर्वत पाटियाकडच्या, कापड विणायच्या लूम-खात्यात. मी शाळेत असताना त्यांचा हात कापायला लागला. आधी चहा सांडायचा. मग तुटलेला धागा सांधताना त्यांना वेळ लागू लागला, आणि लूमवर ज्याला धागा सांधता येत नाही त्याला कुणी ठेवत नाही. शेठने त्यांना आधी झाडू मारायला लावलं आणि पुढे घरीच बसा म्हणाला. शेवटी शेवटी आबांना शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. दादा रोज सकाळी त्यांच्यापुढे उकिडवा बसून बटणं लावायचा, आणि आबा भिंतीकडे बघत राहायचे. डॉक्टर म्हणाले होते, हे घराण्यात उतरू शकतं. त्या दिवसापासून मला आयुष्यात एकाच गोष्टीची भीती आहे, ती माझ्या हाताची.

भीती असलेला माणूस रोज तपासून बघत असेल असं लोकांना वाटतं. मी उलट केलं. कपात चहा घेणंच बंद केलं, बशीत ओतून, बशी टेबलावर ठेवून, वाकून प्यायला लागलो. दादा म्हणायचा, "मांजर शे का तू?" मी म्हणायचो, मला गरम सोसत नाही. सही आडवीतिडवी आली की पेनाला शिव्या घालायचो. आणि माझ्याजवळ एक पुरावा होता, त्याच्यापुढे बाकी सगळं झूट. चकरी. माझ्या हाताखाली ते टेबल कसं सरकायचं ते बघायला पाहिजे होतं. धक्का नाही, अडखळणं नाही, लोण्यातून सुरी जावी तसं. गल्लीतला दुसरा एखादा मशीनवाला आला की मी मुद्दाम त्याच्यासमोर झीरो घ्यायचो. तो म्हणायचा, "वाह भाई, शु हाथ छे!" माझी छाती फुगायची. मनात म्हणायचो, आबांचं दुखणं आबांबरोबर गेलं.

दादा अशा वेळी माझ्या हाताकडे बघत शेजारी उभा असायचा. मी तेव्हा ते कौतुक समजलो.

एवढं आठवतं की तो मधूनमधून म्हणायचा, मशीन म्हातारं होतंय, अजून थोडं आधी थांबत जा. मी थांबायचो. कागद अडायच्या किती आधी थांबायचं याची माझ्या हाताला सवय होऊन गेली होती, आणि ती सवय हळूहळू कशी बदलत गेली हे मला सांगता आलं नसतं.

पौषात दादा गेला. उधना दरवाज्याकडे कटर आणायला गेला होता, दुकानाच्या पायरीवर बसला आणि उठलाच नाही. दुकानदाराने माझ्या फोनवर फोन केला तेव्हा मी झीरोच घेत होतो. त्या दिवशीचा तुकडा अजून शेडमध्ये पडून आहे, अर्धवट.

त्यानंतरचे महिने मी एकटा मशीनवर होतो आणि एकटा नव्हतो. रोज तेच. मी हात थांबवायचो, आणि मशीन जरा पुढे जायचं. पहिल्या दिवशी घाबरलो, दुसऱ्या दिवशी मशीनला शिवी दिली. मग केव्हातरी माझ्याच नकळत मी त्याच्याशी बोलायला लागलो. कटर कागदापर्यंत पोचला की म्हणायचो, "बस, दादा." तो थांबायचा. मी काही खुळा नाही, ते लोखंड आहे हे मला कळतं. पण हात उचलून घेतल्यावर समोर काहीतरी हळूहळू सरकत असेल, आणि ज्याने ते तसं सरकू द्यायला शिकवलं तो माणूस नसेल, तर समजून उमजूनही माणूस तिकडे बघत राहतो. मुद्दाम लांबून चकरी फिरवून थांबायचो आणि नुसतं बघायचो. मला ते आवडायला लागलं होतं. शेड बंद करून घरी जाताना त्याला एकटं सोडून जातोय असं वाटून वाईट वाटायचं.

मग आखाजी आली. देशावरचे लोक अक्षय्य तृतीया म्हणतात आणि मुहूर्ताची खरेदी करतात. आम्हा खानदेशातल्या लोकांची आखाजी ही घरातून गेलेल्या माणसांची. मातीची नवी घागर आणायची, पाण्याने भरायची, वर खरबूज ठेवायचं, आणि निखाऱ्यावर पुरणपोळी आणि तुपाचा घास टाकून गेलेल्याला जेवायला बोलवायचं. यंदा पहिल्यांदाच घागर दादाची होती. वहिनीने ती भरली. निखाऱ्यावर घास टाकायचं काम माझ्याकडे आलं आणि धुरामुळे डोळ्यांत पाणी आलं असं म्हणायची सोय झाली.

आमच्या घरी असा रिवाज आहे की त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या औजाराला झोपू द्यायचं. आबांच्या वडलांच्या वेळी नांगराला झोपवायचे. आबांच्या वर्षी आम्ही त्यांची लूमवरची कात्री धुऊन कपड्यात बांधून ठेवली होती. दादाचं औजार म्हणजे हे मशीन. म्हणून जेवणं झाल्यावर मी शेडवर गेलो, भिंतीवरचा मेन स्विच पाडला, मशीन पुसलं, तेल दिलं, कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. मशीनच्या पाठीमागे एक लहान बॅटरी असते. ती बदलायला झाल्याचा इशारा स्क्रीनवर येऊन बरेच दिवस झाले होते. दरवेळी दादाच बदलायचा. मी नवी आणून ठेवलीच होती. म्हटलं, आजच्यासारखा दिवस नाही, झोपलंय तोवर नवी घालू. देवाला नवं वस्त्र घालतात त्या भावनेने मी जुनी काढली, जागा फडक्याने पुसली आणि नवी बसवली.

ही बॅटरी मशीन चालू ठेवूनच बदलायची असते. बंद मशीनची सगळी आठवण तिच्यावर जगते. हे कुणालाही माहीत असतं, मलाही ऐकून माहीत होतं, पण त्या दिवशी मी बॅटरी बदलत नव्हतो, दादाची पूजा करत होतो. दुसऱ्या दिवशी स्विच वर केला तर स्क्रीनवर नुसते लाल इशारे. प्रोग्रॅम गेले, आकडे गेले, मशीन स्वतः कोण आहे तेच विसरलं. मी हाराकडे बघितलं आणि सर्व्हिसवाल्याला फोन लावला.

सर्व्हिसवाला आला. शांत स्वभावाचा गुजराती माणूस, दादाचा जुना ओळखीचा. त्याच्याकडे कंपनीचे मूळ आकडे होते, ते तो दुपारपर्यंत एकेक करून भरत बसला. मी त्याच्या मागे उभा राहून स्वतःवर चडफडत होतो. शेवटी त्याने स्वतः चकरी फिरवून टेबल इकडेतिकडे नेऊन बघितलं. त्याचा हात थांबला आणि टेबल तिथल्या तिथे थांबलं. तसूभर पुढे गेलं नाही.

"हे असं नव्हतं," मी म्हणालो. "हात थांबल्यावर थोडं पुढे जायचं."

"हां, वो तो आपके भाई ने डाला था," तो हत्यारं गोळा करत म्हणाला. मग त्याने मला समजावलं. चकरीचे हातातले झटके गिळून टाकणारा एक आकडा असतो. तो वाढवला की हात कितीही अडखळू दे, टेबल गुळगुळीत सरकतं. फक्त त्याची किंमत अशी की हात थांबल्यावर मशीनला थांबायला वेळ लागतो. कंपनी तो आकडा अगदी थोडा ठेवते, दादाने फोन करून कसा वाढवायचा ते विचारून घेतलं होतं. "मैंने पूछा क्यों, तो हँसने लगे," तो म्हणाला. "फिर से बढ़ा दूँ?"

हात अडखळत असेल तरच असला आकडा लागतो. म्हणजे आबांचं दुखणं दादाला लागलं होतं. त्याने ते मशीनमध्ये लपवलं, मला कळू दिलं नाही, आणि म्हणूनच मी भांडून मागितलेलं झीरो घेण्याचं काम मला देऊन मोकळा झाला. मी सर्व्हिसवाल्याला म्हणालो, नको, कंपनीने ठेवलाय तेवढाच राहू दे. माझा हात चांगला आहे. तो पिशवी उचलून गेला.

मी चकरीला हात न लावता शेड बंद केली आणि तडक घरी गेलो. खरं सांगायचं तर भांडायला गेलो. एवढी मोठी गोष्ट वहिनीने माझ्यापासून लपवली याचा मला राग आला होता.

वहिनी साडीला टिकल्या लावत बसली होती. सुरतेतल्या निम्म्या बायका फावल्या वेळात हेच करतात. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "दादाचा हात कापायचा. तुम्ही मला का नाही सांगितलं?"

तिने मान वर केली. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने फक्त सुई साडीत टोचून ठेवली.

"त्यासना हात कधीच नही कापना, भाऊ," ती म्हणाली. तिला जवळचं नीट दिसत नाही. सकाळी कामाला जाण्याआधी दिवसभरासाठी लागतील तेवढ्या सुया दादाच तिला ओवून द्यायचा, अगदी गेला त्या दिवशीसुद्धा. त्या दिवशी ओवलेली एक सुई तिने अजून वापरलेली नाही.

"मग मशीनला ते कशासाठी..." मी बोलायला लागलो आणि मध्येच थांबलो.

वहिनी उठली, माझ्याजवळ आली आणि मला लहान मुलाला सांगावं तसं हळू आवाजात म्हणाली, "तुमना हात कापस. बराच वरीस व्हयनात. त्यासनी माले सांगेल व्हतं, त्याले कळू देवानं नही. त्यानं मन बठी जाई."

ती पुढेही बोलत होती. मी जेवायला बसलो की ती मला वाटी भरून आमटी का देत नाही, मला बशी घ्यायला निमित्त राहावं म्हणून दादाने घरातले कान तुटलेले कप कसे जपून ठेवले, असलं काहीतरी. मी ऐकत नव्हतो. मी माझ्या हातांकडे बघायचं टाळत होतो, आणि तेव्हाही ते मला जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली उघडण्याआधी शेडवर गेलो. कारागीर यायचे होते, घंट्या बंद होत्या. मशीन चालू केलं, तुकडा लावला, पतंगाचा कागद ठेवला आणि चकरी हातात घेतली. आता मध्ये काही नव्हतं. जे हातात असेल ते जसंच्या तसं लोखंडात उतरणार होतं. मी चकरी फिरवली.

कटर खाली येत होता आणि वर जात होता. खाली, जरा वर, परत खाली. एखादं म्हातारं माणूस जिना उतरताना प्रत्येक पायरीवर अडतं तसा. तो आवाजही करत होता, बारीक कुरकुर, जी मी या मशीनमधून कधी ऐकलेली नव्हती. मी चकरी घट्ट धरली, तर थरथर वाढली. सैल धरली, तरी होतीच. मला आबांचा चहा दिसला, भिंतीकडे बघणारे आबा दिसले. मी चकरी खाली ठेवून दिली आणि रडलो. भीती खरी ठरल्याचं रडू होतंच, पण त्याहून जास्त दादाचं होतं. त्याच्या तेराव्यालासुद्धा मी एवढा रडलो नव्हतो.

सर्व्हिसवाल्याला फोन केला. म्हटलं, दादाचा जो आकडा होता तोच घाला.

"वो तो बैटरी के साथ गया, भाई," तो म्हणाला. "मेरे पास नहीं है." मग त्याने मला तो आकडा स्क्रीनच्या कुठल्या पानावर असतो, कसा बदलायचा आणि जास्तीत जास्त किती वाढवता येतो ते सांगितलं. थोडा वाढवा, चकरी फिरवून बघा, परत वाढवा, जिथे बरं वाटेल तिथे सोडा. "आपके भाई भी ऐसे ही करते थे. हर साल फोन आता था, कि थोड़ा और करना है, ज़्यादा से ज़्यादा कितना चलेगा."

दर वर्षी. एकदम वाढवला असता तर मला कळलं असतं, म्हणून तो हळूहळू वाढवत गेला. मी शेजाऱ्यांसमोर छाती फुगवून झीरो घ्यायचो तेव्हा तो शेजारी उभा राहून माझा हात किती बिघडलाय ते बघायचा, मी घरी गेलो की आकडा वाढवायचा, आणि दुसऱ्या दिवशी मला सांगायचा की मशीन म्हातारं होतंय.

मी आकडा थोडा वाढवला आणि चकरी फिरवली. थरथर होती. परत वाढवला. परत फिरवली. प्रत्येक वेळी ती थोडी कमी व्हायची आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं आता संपली, पण संपायची नाही. मी वाढवत गेलो. गल्लीत घंट्या सुरू झाल्या, कुणीतरी दारावर थाप मारून गेलं, मी दार उघडलं नाही. शेवटी एका आकड्याला टेबल पहिल्यासारखं गुळगुळीत सरकलं. तो आकडा सर्व्हिसवाल्याने सांगितलेल्या शेवटच्या मर्यादेपासून फार लांब नव्हता. माझा हात किती कापतो हे मला असं कळलं. डॉक्टरकडे मी नंतर गेलो, त्याने नवीन काही सांगितलं नाही.

मी हात थांबवला. मशीन जरा पुढे सरकलं आणि कागद अडला. "बस, दादा" असं तोंडात आलं होतं, ते मी बोललो नाही, कारण या वेळचा आकडा मी स्वतः घातला होता. पुढच्या वर्षी तो पुरणार नाही. तेव्हाही तो मलाच वाढवावा लागेल, आणि वाढवताना मला कळेल.